हायड्रॉलिक लिफ्टरचा प्रीलोड: पाव फेरा की पूर्ण फेरा?

मिशिगनकर
गॅरेजात शेवरलेचं ३५० (३५० घनइंची व्ही-८ इंजिन) जुळवतोय. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमची, कॅम हायड्रॉलिक रोलर, म्हणजे कॅमवर चालणाऱ्या लिफ्टरच्या आत तेलावर टेकलेला प्लंजर असतो आणि तो फट स्वतःच भरून काढतो. लिफ्टर पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. झीरो लॅशनंतर (मधली फट नेमकी संपते ती जागा) रॉकरचा नट किती आवळायचा, म्हणजे प्लंजर किती दाबून ठेवायचा (प्रीलोड), यावरून मित्राशी जोरदार वाजलं, म्हणून इथे विचारतो. शेवरलेच्या जुन्या सर्व्हिस पुस्तकात एक पूर्ण फेरा दिलाय. रोजच्या गाडीला ते ठीक, पण ६,५०० आरपीएमला पळवायच्या इंजिनाला मला ते पटत नाही. व्हॉल्व्ह तरंगला, म्हणजे जास्त वेगात स्प्रिंगला तो कॅममागे बंद करता आला नाही, की मध्ये फट पडते, लिफ्टर तेल घेऊन ती लगेच भरून काढतो, आणि मग व्हॉल्व्ह नीट बसतच नाही. प्लंजर त्याला अडवणाऱ्या वरच्या क्लिपजवळ असेल तर त्याला वर सरकायला जागाच थोडी. म्हणून पाव फेरा, त्यापुढे नाही.

आठसिलिंडर
अजिबात पटलं नाही. व्हॉल्व्ह तरंगतो तो स्प्रिंग कमी पडते म्हणून. स्प्रिंग बदला, तो दोष प्रीलोडने झाकू नका. प्लंजर खोल बसला की त्याच्याखाली तेल कमी उरतं. तेलात हवेचे बुडबुडे असतातच. तेल जितकं जास्त तितकं ते दबतं, आणि कॅमची लिफ्ट व्हॉल्व्हपर्यंत पुरी पोचत नाही. शिवाय हेड तापून फुगतं, स्टीलचा पुशरॉड तेवढा वाढत नाही. माझ्या एलएसमध्ये (शेवरलेचं नंतरचं व्ही-८) नट नसतो, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळायचा, प्रीलोड पुशरॉडच्या लांबीवर ठरतो. तिथे मी २० थाऊच (इंचाचे २० हजारांश) ठेवला होता. थंड असताना गप्प, हायवेवरून उतरलो की टकटक. लांब पुशरॉड घातले तेव्हा आवाज गेला.

मिशिगनकर
उष्णतेचा हिशेब मांडून बघू. एलएसचा पुशरॉड ७.४ इंच. ॲल्युमिनियम आणि स्टीलच्या प्रसरणातला फरक दर अंशाला दहा लाखांत साधारण ११. तापमान ८० अंश चढलं तर फरक साडेसहा थाऊ. माझा ब्लॉक बिडाचा, मला तीन-चार थाऊच. तुमच्या २० मधून साडेसहा गेले तरी साडेतेरा उरायला हवेत. मग टकटक कशाची?

भोसरीचा फिटर
झीरो लॅश चुकला होता त्याची!

आधी एक सांगतो, फेरा हे मापच नव्हे. ३/८ च्या स्टडला इंचात २४ आटे, ७/१६ ला २०. एका फेऱ्यात नट ४२ किंवा ५० थाऊ खाली जातो. पण व्हॉल्व्हचं टोक जागेवर राहतं, म्हणून १.५ च्या रॉकरला पुशरॉडकडची बाजू नटाच्या १.६७ पट दबते. अर्धा फेरा म्हणजे एका स्टडवर ३५ थाऊ, दुसऱ्यावर ४२. तुम्ही दोघं फेऱ्यांवर भांडताय आणि स्टड कोणता हे कुणीच बोललं नाही.

मी आयुष्यभर ॲम्बेसिडरच्या टॅपेटला फिलर गेज लावलंय. तिथे फट हाताला लागते. इथे लागत नाही. पुशरॉड चिमटीत गोल फिरवून, जड लागला की झीरो म्हणणारे फसतात. फट संपायच्या आधीच जड भासला तर प्रीलोड कमी पडतो, तुमची टकटक तशीच; उलट लिफ्टरमध्ये तेल नसेल तर तोवर प्लंजर कितीतरी दबलेला असतो. पुशरॉड वर-खाली हलवा, ते हलणं जिथे संपतं तिथे झीरो. आणि लिफ्टर कॅमच्या टेकडीवर चढलेला नको: एक्झॉस्ट उघडायला लागला की इनटेक सेट करायचा, इनटेक बंद होत आला की एक्झॉस्ट.

माझं मत अर्धा फेरा. पाव फेऱ्यात हाताच्या चुकीला जागा नाही. लिफ्टरवाल्या कंपनीने आकडा दिला असेल तर तोच पाळा, कारण काही लिफ्टरची प्लंजरची चालच थोडी असते.

आठसिलिंडर
झीरोबद्दल तुमचं मान्य, मी गोल फिरवूनच बघितलं होतं. तरी माझ्या इंजिनात खोल प्रीलोडच ठेवणार. लिफ्टरने फट भरून व्हॉल्व्ह जास्त उघडा राहिला तरी पिस्टनला लागणार नाही; पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर तपासलंय, भरपूर आहे.

मिशिगनकर
काका, स्टड ७/१६ चे आहेत. काल रात्री सोळाही नट सैल करून पुशरॉड वर-खाली हलवत पुन्हा झीरो शोधला. तीन ठिकाणी आधीचा झीरो चुकलेला निघाला, एका ठिकाणी जवळपास अर्ध्या फेऱ्याने. आता सगळीकडे अर्धा फेरा दिलाय.

भोसरीचा फिटर
छान. लिफ्टरमध्ये तेल भरलेलं असेल तर लगेच क्रँक फिरवू नका. प्लंजर खाली बसेपर्यंत व्हॉल्व्ह थोडे उघडेच राहतात. पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग पाना लावून हाताने दोन फेरे द्या. कुठे अडलं तर जोर लावू नका.