कॉलेजात एआयचा ग्रुप काढलाय, पहिल्या दिवशी ४३ पोरं आणि आता ६, काय करू?

यावलकडचा_पोऱ्या:
नमस्कार मंडळी. मी टीवाय बीएस्सी कॉम्प्युटरला आहे, कॉलेजचं नाव सांगत नाही, यावल-रावेर पट्टा समजा. दिवाळीनंतर आम्ही चौघांनी एआयचा स्टडी ग्रुप काढला, दर शनिवारी लॅबमध्ये दोन तास. पहिल्या शनिवारी ४३ जण आले, खुर्च्या पुरल्या नाहीत. मग मी यूट्यूब बघून बघून न्यूरल नेटवर्कची पीपीटी केली, पुढच्या शनिवारी ग्रेडिएंट डिसेंट, आणि तिसऱ्या शनिवारी आम्ही चौघं धरून ६. लॅबचे पीसी ४ जीबी रॅमचे, जीपीयूचं (एआयला शिकवायला लागते ती जोरदार चिप) तर नावच काढू नका, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. सर म्हणतात सर्टिफिकेट ठेवा म्हणजे गर्दी होईल. मला गर्दी नकोच आहे पण सहा जणांना ग्रुप म्हणायचीही लाज वाटते. कोणी चालवलंय का असं काही आपल्याकडे?

धुळे_हॉस्टेल:
पीसीचं टेन्शन सोड भाऊ. गूगल कोलॅब आहे ना, कोड गूगलच्या मशीनवर चालतो, आपल्याला फक्त ब्राउझर लागतो, जीपीयू पण फुकट मिळतो, नाही मिळाला त्या दिवशी चहा प्यायला जायचं. कॅगल नावाच्या साइटवर पण मिळतो, तिथे फोन नंबर व्हेरिफाय करावा लागतो एवढंच. आणि ती पीपीटी बंद कर रे, शनिवारी दुपारी ग्रेडिएंट डिसेंट बघायला मी पण आलो नसतो 😀

केळीचा_घड:
आम्ही मागच्या वर्षी पीपीटी न दाखवता सरळ केळीची पानं घेतली. वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या घरी केळी आहेच, प्रत्येकाने आपल्या शेतातले फोटो आणायचे, तीन ढीग करायचे, चांगलं पान, आणि करपा व हरण्या या दोन रोगांची पानं. कोडिंग काहीच नाही, गूगलचं टीचेबल मशीन वापरलं, त्याला फोटोंचे ढीग दिले की ते ओळखायला शिकतं, ते ट्रेनिंग ब्राउझरमध्येच करतं त्यामुळे आमच्या डबड्या पीसीवर पण रडतखडत चाललं. लॅबमध्ये रिझल्ट एकदम कडक आला, पोरं नाचायला लागली, कोणी तर म्हणे आता ॲप काढू आणि कृषी केंद्राला विकू.

मग एका मित्राच्या शेतात गेलो तर हरण्याचं झाड समोर आणि मशीन म्हणतंय चांगलं पान! दोन शनिवार डोकं खाजवलं तेव्हा कळलं की हरण्याचे सगळे फोटो एकाच पोराने आणलेले, आणि हरण्या लागलेलं झाड उपटून टाकावं लागतं म्हणून त्याने पानं घरी आणून ओट्यावरच्या फरशीवर ठेवून फोटो काढले होते. मशीनने पान शिकलंच नव्हतं, फरशी शिकलं होतं. खात्री करायला आम्ही त्याच फरशीवर चप्पल ठेवून फोटो दाखवला तर चपलेला पण हरण्या निघाला, ९६ टक्के!! त्या दिवशी जे हसलो आणि जे समजलं ते कुठल्याच लेक्चरला समजलं नव्हतं.

नंतर वाचलं की हे मोठ्यांचं पण होतं. प्लांटव्हिलेज नावाचा पानांच्या फोटोंचा डेटासेट आहे, ५४ हजारांच्या वर फोटो, बहुतेक पान तोडून साध्या बॅकग्राउंडवर काढलेले. २०१६ च्या पेपरमध्ये त्यावर ९९.३५ टक्के अचूकता आली आणि बाहेरून मिळवलेले वेगळ्या परिस्थितीतले फोटो दाखवले तर ३१ टक्क्यांच्या आसपास. आणि त्यात १४ पिकं आहेत पण केळी नाही. म्हणजे आपलं काम आपल्यालाच करावं लागणार ना. एक अजून, फोटोंना नावं द्यायला जाणता शेतकरी सोबत घ्या. आम्ही करपा म्हणून टाकलेली काही पानं माझ्या काकांनी नुसती बघून बाजूला काढली, म्हणे अरे याला खत कमी पडलंय, रोग कुठला.

साक्रीनी_आंडेर:
केळी नसलेल्या पोरींनी काय करायचं मग? 😄 आम्ही अहिराणी घेतली. चॅटबॉटला विचारलं, ‘मनी आंडेर शायामा गई’ याचं मराठी सांग. उत्तर काय तर पैसे अंधारात शाळेत गेले!! मनी म्हणजे पैसा आणि आंडेर म्हणजे अंधार, अहो माझी मुलगी शाळेत गेली एवढं साधं आहे ते. २०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी त्यातच धरलीय) बोलणारे १८ लाखांच्या वर आहेत पण घटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही, सरकारचं भाषिणी नावाचं भाषांतराचं काम पण २२ अनुसूचित भाषा धरूनच सुरू झालं, नेटवर लिहिलेलं पण थोडंच, मग मशीन शिकणार कुठून. आता आम्ही आजी लोकांकडून वाक्यं लिहून घेतोय, समोर मराठी अर्थ, साधी एक्सेल शीट. २०० झाली. भांडण असं की शाळा लिहायचं की शाया, तिथेच दोन शनिवार गेले.

लॅबमधली_मॅडम:
मी शिकवते म्हणून जरा वेगळं सांगते. सर्टिफिकेट ठेवलं तर गर्दी सर्टिफिकेटलाच होईल, सहा जण पुरे आहेत. एक खेळ करून बघा. प्रत्येकाने एकच प्रश्न वेगवेगळ्या चॅटबॉटला विचारायचा आणि मग पुस्तकातून उत्तर तपासायचं. आम्ही बहिणाबाईंच्या चार ओळी मागितल्या होत्या. एकाने स्वतःच रचून दिल्या, खाली त्यांचं नाव टाकून, आणि भाषा अगदी पाठ्यपुस्तकातली! असोद्याच्या ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, जिच्या ओव्या सोपानदेव आणि घरच्यांनी उतरवून ठेवल्या, तिच्या तोंडी ‘परिस्थिती’ आणि ‘संघर्ष’. पोरांनी वाचताक्षणी पकडलं, कारण कान आपला आहे. हां, प्रोजेक्ट रिपोर्टला मात्र हीच पोरं असं पकडत नाहीत, तिथे जसंच्या तसं चिकटवतात, म्हणून मी तोंडी विचारते.

यावलकडचा_पोऱ्या:
सगळ्यांना धन्यवाद, चपलेला हरण्या वाचून आमचे सहाही जण लॅबमध्ये हसत होते. पीपीटी बंद. या शनिवारी लॅब नाहीच, सहा जण दोन गाड्यांवर माझ्या मामाच्या मळ्यात, फोटो झाडावरच काढणार, पान तोडायचं नाही, सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळेला. मामाने अट घातलीय की घडांना हात लावायचा नाही. @केळीचा_घड भाऊ, एका प्रकाराचे किती फोटो घेऊ, आणि एकाच झाडाची दोन पानं चालतात का?

केळीचा_घड:
आम्ही शंभरेक घेतले होते. दोन पानं चालतात, पण एक ट्रेनिंगला आणि दुसरं टेस्टला टाकू नको, नाहीतर शिकवलेलंच परत विचारल्यासारखं होतं, तिथे पण आम्ही फसलो होतो.