मदत हवी आहे : ट्रिगर बदलला तर निशाणा सुधरते का?

वावरवाला_आर्वी
नमस्कार मंडळी. पोरगी नववीत आहे, शाळेकडून शूटिंगमध्ये भाग घेऊन राहिली. तिच्या एअर रायफलचा ट्रिगर लयच जड आहे. ओढता ओढता नळी हलते अन् छर्रा भलतीकडेच जाते. नागपूरचा एक मिस्त्री म्हणते, ट्रिगर हलका करून देतो, ४ हजार लागतील. द्यावे का? खरंच एवढा फरक पडते का? लवकर सांगा, परवा नागपूरले जाणं आहे.

नेमबाज_१०मी
दादा, कोणती रायफल? स्प्रिंगची की पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेची)? अंतर किती? साइट उघडी की पीप (बारीक छिद्रातून पाहायची)? छर्रे कोणते? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

वावरवाला_आर्वी
साधी हो, नळी मोडून भरायची. अंतर १० मीटर, दुसरं काय असणार? मले फक्त ट्रिगरचं सांगा.

एनसीसीवाले_काका
आमच्या वेळी पॉइंट टू-टू रायफलचा घोडा, म्हणजे ट्रिगर, काही लोण्यासारखा नव्हता. तरी पोट्टे नेम धरतच होते. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचा आणि बोटाच्या पहिल्या पेरानं दाबायचं. आजकाल जो तो सामानाच्या मागे. ४ हजारात पोरीला वर्षभराचे छर्रे येतील.

नेमबाज_१०मी
काका, श्वासाचं बरोबर, पण सामानाचं तुम्ही उडवून लावता ते पटत नाही. हिशेब बघा. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर धरा. बोट ओढताना टोक १ मिलीमीटर सरकलं तर १० मीटरवर छर्रा १० मिलीमीटर बाजूला. एअर रायफलच्या टार्गेटवर दोन वर्तुळांत अडीच मिलीमीटरचं अंतर असतं, म्हणजे चार गुण गेले. दहाचा ठिपका तर अर्ध्या मिलीमीटरचा. चांगला ट्रिगर नळीला जास्त अचूक करत नाही, तो फक्त शेवटच्या क्षणी माणसाला रायफल हलवू देत नाही. स्पर्धेच्या रायफलींचे ट्रिगर १०० ग्रॅमच्या आसपास सुटतात ते उगाच नाही.

कास्तकार_दारव्हा
याने डुक्कर मरते का? माह्या वावरात रोही (नीलगाय) अन् डुकरं तूर ठेवूनच नाही राहिले.

छर्रे_आधी
ट्रिगर सोडा हो. आधी छर्रे बदला. बाजारातले टोकदार स्वस्तातले वापरत असाल, पैज लावतो. १० मीटरला चपट्या तोंडाचेच घ्यायचे. डबीत खुळखुळून मागची कड चेपलेले असले तर फेकून द्या. आणि लाकडाचे स्क्रू आवळा, स्प्रिंगच्या रायफलीत ते धक्क्यानं ढिले होतातच.

नेमबाज_१०मी
@कास्तकार_दारव्हा भाऊ, त्यानं डुक्कर मरणार नाही, जखमी होऊन पळेल. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल. पीक नुकसानीचा अर्ज वनविभागाकडे करा.

कास्तकार_दारव्हा
अर्ज केला होता. वाट पाहून राहिलो.

वावरवाला_आर्वी
अरे माह्या धाग्यात डुकरं कायले आणता बाप्पा! स्क्रू आवळले. छर्रे चपटेच आहेत, शाळेनं दिलेले. आता ट्रिगरचं बोला.

गनस्मिथ_नव्हे_हौशी
दोष ट्रिगरचा की हाताचा की नळीचा, हे घरीच कळते. सरकीचं पोतं टेबलावर ठेवा, त्यावर तळहात, तळहातावर रायफल नुसती टेकवायची. घट्ट धरू नका. लाकूड सरळ टेबलावरही टेकवू नका. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा बाहेर पडायच्या आत पिस्टन मागेपुढे धक्का देऊन जाते, कडक टेकू असला की नेम सरकते. असे दोन-चार टार्गेट मारा. मग पोरीले उभं राहून मारू द्या. पोत्यावर छिद्रं जवळ अन् उभ्यानं फाकली, तर नळी चांगली.

दुसरं, कापूस वेचणीचा लटकता काटा घरी असेलच. छर्रा भरून, नळी टार्गेटकडे धरून, काट्याचा आकडा ट्रिगरमध्ये अडकवा अन् सरळ मागे ओढा. सुटताना किती वजन दाखवते ते पाहा. छर्रा नसताना चालवू नका, पिस्टन आपटून खराब होते.

विदर्भ_अन्याय
स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरचं पदक आणलं, कोल्हापूरचा पोरगा. रेंज बालेवाडीले, पुण्यात. आपल्या पोरांनी गोठ्यातच मारायचं का?

वावरवाला_आर्वी
गोठ्यातच मारते हो ती, गायी बाहेर बांधून, मागे मातीची भिंत आहे. असो. पोत्यावर मी मारलं तर एक रुपयाच्या नाण्याखाली सगळी छिद्रं झाकली. तिनं उभ्यानं मारलं तर बहुतेक उजवीकडे खाली. काट्यावर ३ किलोच्या वर गेलं. रायफलच तेवढ्या वजनाची आहे!

गनस्मिथ_नव्हे_हौशी
मग तुमचंच उत्तर तुमच्या हातात आलं. जेवढं रायफलचं वजन तेवढ्याच जोरानं ती बोट ओढून राहिली, नळी हलणारच. मनगट फिरलं की नेम सरकतेच. ट्रिगर नीट करणं फायद्याचं आहे. दीड किलोवर आला तरी पोरीले जाणवेल.

एनसीसीवाले_काका
किंवा पोरगी रोज बोटाचा व्यायाम करेल.

गनस्मिथ_नव्हे_हौशी
काका, व्यायाम करू द्या, पण ३ किलोचा घोडा नववीतल्या पोरीच्या हातात देऊन नेमाची अपेक्षा नका करू. @वावरवाला, मिस्त्रीले बजावून सांगा: स्प्रिंग अन् घर्षण कमी करू दे, पण पिस्टन अडवून धरणारी आतली पकड घासून पातळ करायची नाही. नळी उघडी असताना पकड सुटली तर नळी झटक्यानं मिटते अन् बोटं जातात. काम झाल्यावर रबरी हातोडीनं लाकडावर ठोकून पाहा, आपोआप सुटली तर परत करा. ठोकताना नळी मिटलेली अन् तोंड मातीकडे. आणि भरताना नळी एका हातात धरूनच ठेवायची, हे पोरीले शिकवा.

छर्रे_आधी
स्पर्धा उघड्या साइटची की पीपची ते विचारा आधी. गट चुकला तर ट्रिगर सोन्याचा करून उपयोग नाही. परवान्याची काळजी करू नका: ४.५ मिमी अन् २० ज्यूलच्या आतली असली की २०१६ च्या नियमांत लागत नाही.

वावरवाला_आर्वी
उघडीच आहे, शाळेच्या सरांनी सांगितलं. मिस्त्रीले फोन केला, म्हणते "घासल्याबिगर हलका होतच नाही."

गनस्मिथ_नव्हे_हौशी
मग त्याच्याकडे नेऊ नका. आधी ट्रिगरगार्डसकट फोटो टाका, समायोजनाचा स्क्रू आहे की नाही ते दिसू द्या.

वावरवाला_आर्वी
दोन स्क्रू आहेत. फोटो टाकतो, आता लाइन नाही.