पॅनमन रिटायर होतायत, प्रूफ स्टिक कोणाच्या हातात देणार?

रात्रपाळी_केमिस्ट:
साखर कारखान्यात अकरा हंगाम झाले माझे, आधी लॅबला, आता मॅन्युफॅक्चरिंगला. आमच्याकडे दोन वर्षांत तीन पॅनमन रिटायर झाले, चौथे येत्या मार्चला जातायत आणि त्यांच्या जागी उभं करायला माणूस नाही. 1985-90 च्या सुमाराला पोरवयात लागलेली ही बॅच, सगळी एकदमच साठीला आली, शेजारच्या कारखान्यांत विचारलं तर तिथेही तेच. मधल्या काळात भरतीच नाही, जी झाली ती ठेकेदाराकडून आणि ठेकेदाराचा पोरगा दर हंगामाला नवा.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रस आटवून सिरप होतं, ते व्हॅक्यूम पॅनमध्ये, म्हणजे हवा काढलेल्या बंद भांड्यात, उकळतं आणि तिथे साखरेचा दाणा वाढतो. पॅनमन प्रूफ स्टिकने नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरून दिव्यासमोर धरतो, बोटांत चोळून बघतो आणि मग ठरवतो की सिरप किती ओढायचं, पाणी कधी द्यायचं, स्ट्राइक, म्हणजे पॅनमधला तयार माल, कधी खाली टाकायची. चुकलं की फॉल्स ग्रेन, म्हणजे चांगल्या दाण्यात बारीक भुगा तयार होतो, तो साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून मोलॅसिसबरोबर, म्हणजे मळीबरोबर, निघून जातो. गेली ती साखर.

माझं म्हणणं एवढंच की आयटीआयवाल्या, बीएस्सी केमिस्ट्रीवाल्या पोरांनी इकडे यावं, हात बसला की भाकरी पक्की आहे. आणि कारखान्यांनी प्रत्येक पॅनवर दोन पोरं दोन हंगाम जुन्या माणसाशेजारी उभी करावीत, याच हंगामात.

चाकणवाला:
"भाकरी पक्की" वाचलं आणि राहवलं नाही. माझे वडील 33 वर्षं पॅनवर होते. हंगामी म्हणून लागले, कायम व्हायला 14 वर्षं गेली, तोपर्यंत ऑफ सीझनला रिटेन्शन अलाउन्सवर, म्हणजे काम नसताना मिळणाऱ्या भत्त्यावर, घर चालायचं आणि तोही कधी वेळेत नाही. माझ्या बारावीला सात महिने पगार थकला होता, आईने गळ्यातलं मोडून माझी फी भरली. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, निम्मी ग्रॅच्युइटी अजून यायचीय. त्यांनीच मला सांगितलं की बाबा तू या फ्लोअरवर पाय ठेवायचा नाहीस. आज मी चाकणला व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं कॉम्प्युटरवरचं मशीन, चालवतो, बारा महिने काम आणि सात तारखेला पगार. टंचाई टंचाई म्हणता, मग दर का नाही वाढला या कामाचा? कांदा बाजारात कमी आला की भाव दुसऱ्या दिवशी चढतो, माणूस कमी पडला तर त्याला ठेकेदाराकडून चौदा हजार. माणसं आहेत दादा, तुमच्या अटींवर यायला तयार नाहीत.

इन्स्ट्रुमेंट_सांगली:
दोघांचंही पटत नाही. बोटांवर कारखाना चालवायचे दिवस संपत आलेत. कंटिन्युअस पॅन आलेत, सिरपचा दाटपणा मोजणारे मायक्रोवेव्ह ब्रिक्स मीटर आहेत, फीड व्हॉल्व्ह आपोआप उघडझाप करतो, डीसीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटर कंट्रोलच्या, स्क्रीनवर एक ऑपरेटर तीन पॅन बघतो. रिटायर होणाऱ्या प्रत्येकाच्या जागी तसाच माणूस शोधत बसलो तर कायम रडतच राहू. पोरांनी शिकायचंच असेल तर लूप ट्यूनिंग, म्हणजे हे आपोआप चालणारे कंट्रोल नीट बसवायला शिकावं, सेन्सरचं कॅलिब्रेशन शिकावं, ते साखरेत चालतं, डिस्टिलरीत चालतं, फार्मात पण चालतं. पॅनमनची कला साखर सोडून कुठे विकणार?

रात्रपाळी_केमिस्ट:
सर, डीसीएस आमच्याकडे पण आहे आणि मला तो हवाच आहे. पण गेल्या जानेवारीतली एक रात्र सांगतो. जळका ऊस आला होता, तोड होऊन दोन दिवस गाड्या यार्डात उभ्या, नंतर गाळप. स्क्रीनवर ब्रिक्स बरोबर, व्हॅक्यूम बरोबर, टेंपरेचर बरोबर, ठेक्यावरचा पोरगा निवांत. मार्चला रिटायर होणारे आमचे पॅनमन काका राउंडला आले, नमुना काढला, बोटांत चोळला आणि म्हणाले हे चिकट लागतंय, दाणा बघ. काचेवर बघितलं तर दाणा लांबट, सुईसारखा निघालेला. शिळ्या जळक्या उसात डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ वाढतो आणि दाणा असा एका अंगाने वाढतो, हे मी पुस्तकात शिकलोय, पण त्या रात्री मी तिथेच असून माझ्या लक्षात नाही आलं. काकांनी स्टीम कमी केली, फीड तोडलं, पाण्यावर पॅन धरून ठेवला. तीन तासांची स्ट्राइक पाच तासांवर गेली पण साखर हातची गेली नाही. स्क्रीनवरचा एकही आकडा चुकीचा नव्हता हो, सिरपच रोजचं नव्हतं.

इन्स्ट्रुमेंट_सांगली:
मग त्या पाच तासांचा ट्रेंड सेव्ह केलात का? काकांनी किती वाजता काय केलं ते शेजारी लिहिलंत का? नसेल केलं तर मार्चनंतर ती रात्र पण त्यांच्याबरोबर घरी जाणार. मी हेच म्हणतोय.

रात्रपाळी_केमिस्ट:
नाही लिहिलं. हे मान्य.

जुना_हात:
नात टाईप करून देतेय, मी सांगतोय. 38 हंगाम काढले, त्यातले तीन युगांडात. सगळे पोरांना आणि कारखान्याला बोलतायत, आमच्याकडं पण बोट दाखवा की. माझ्या वस्तादानं मला सहा हंगाम स्टिकला हात लावू दिला नाही. पॅन धुवायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा, चहा आणायचा. तो ग्रेन धरायला, म्हणजे पहिला दाणा पाडायला, लागला की मला काहीतरी काम काढून खाली पाठवायचा, मी जिन्याच्या अर्ध्यावर थांबून बघायचो. कारण भीती होती, शिकवलं तर आपली किंमत संपली. आणि खरं सांगतो, मी पण माझ्या हाताखालच्या दोघांना असंच वागवलं. एक रिक्षा चालवतो आता. चांगला हात होता त्याचा. त्याचं मला वाईट वाटतं. ज्या कारखान्यात कायम पॅनमनला सुद्धा आपली खुर्ची जाईल असं वाटतं, तिथं कोण कुणाला शिकवणार?

शुगरटेक_मुलगी:
काका, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत, खूप बरं वाटलं. मी शुगर टेक्नॉलॉजी केलंय. शिकायची सोय नाही असं नाही, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, कानपूरच्या नॅशनल शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शुगर बॉयलिंगचा वेगळा सर्टिफिकेट कोर्स आहे. पण मला ट्रेनिंगला घेतलं आणि पूर्ण हंगाम लॅबमध्ये पोल-ब्रिक्स काढायला, म्हणजे रसातली साखर मोजायला, बसवलं. पॅन फ्लोअरला रात्रपाळी असते, मुलगी कशी पाठवायची म्हणून. माणूस नाही म्हणून ओरडणाऱ्यांनी हेही बघा की आलेल्या माणसाला कुठे बसवलंत.

सभासद_वाळवा:
मी ऊस घालणारा, माझ्या खिशाचं बोलतो. 2025-26 ला एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) क्विंटलला 355 रुपये होता आणि पुढे दर 0.1 टक्क्याला 3.46 रुपये कमी-जास्त. म्हणजे पॅनवर नीट काम न होऊन उतारा पॉइंट एकने पडला तर टनाला 34 रुपये 60 पैसे माझे गेले. त्यामुळे पॅनमनला पाच हजार जास्त द्यायला लागले तर सभेत हात वर करणारा मी पहिला. पण कारखान्याची पण बाजू बघा, साखरेचा किमान विक्री दर 2019 ला किलोला 31 रुपये ठरला, नंतर उसाचा दर चढत गेला आणि साखरेचा 2025 पर्यंत तरी 31 वरच होता. 2024-25 ला तर बऱ्याच कारखान्यांचं गाळप शंभर दिवस पण चाललं नाही. शंभर दिवसांच्या कामावर बारा महिन्यांचा माणूस कुठून पोसायचा?

चाकणवाला:
साहेब, बॉयलर बंद झाल्यावर काम संपतं का? ओव्हरहॉलिंग असतं, पॅनच्या ट्यूब साफ करायच्या असतात, कॅलेंड्रियाची, म्हणजे पॅन तापवणाऱ्या नळ्यांच्या भागाची, टेस्ट असते, डिस्टिलरी असेल तर ती चालूच असते. त्या माणसाला सांगलीच्या सरांकडे तीन महिने इन्स्ट्रुमेंटेशन शिकायला बसवा, म्हणजे त्यांचीही अडचण सुटेल. पण पत्र कायमचं द्या. जुना_हात आजोबा जे म्हणाले ते माझ्या वडिलांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले मी येऊन शिकवीन, पण आधी ग्रॅच्युइटीचं विचार.

रात्रपाळी_केमिस्ट:
कारखान्याचं नाव इथे नको, मला मेसेजमध्ये सांगा. तिथले चीफ केमिस्ट माझ्या ओळखीचे असतील तर ग्रॅच्युइटीची फाईल कुठे अडलीय ते विचारतो, वचन नाही देत. आमच्या एमडींना दोन पोरांचा प्रस्ताव सोमवारी देतोय, त्यात कायम पत्राचा मुद्दा पहिला टाकलाय. शुगरटेक ताई, तुमचा बायोडेटा पाठवा, पॅन फ्लोअरसाठी, लॅबसाठी नाही.

जुना_हात:
त्या रिक्षावाल्याला पण विचारू का? वय बेचाळीस आहे, चालेल का?