मदत हवी आहे : नववीच्या निबंधांवर शेरे कसे लिहावेत?

नववीच्या ४५ वह्या, आठवड्याला एक निबंध. वहीमागे चार मिनिटं धरली तरी तीन तास जातात. त्या चार मिनिटांत असं काय लिहावं, की पुढच्या निबंधात फरक दिसेल?

‘गचाळ’, ‘लक्ष नाही’ हे शेरे मुलावर असतात, लिखाणावर नाही. त्यात दुरुस्त करण्याजोगं काहीच नसतं. नुसतं ‘छान प्रयत्न’ही तितकंच पोकळ. आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या वीस चुकांना लाल गोल केले, की पुढच्या वेळी मूल खात्रीचेच शब्द वापरतं. चुका घटतात, निबंधही आटतो. (हे प्रगतीसारखं दिसतं, तीच गोम.)

सध्याची पद्धत अशी: एका वहीत एकाच प्रकारची चूक धरायची, समासात फक्त खूण, दुरुस्ती मुलानेच करायची. शेवटी दोन ओळी. उदा. ‘पावसाआधीच्या उकाड्याचं वाक्य डोळ्यांसमोर उभं राहतं. दुसऱ्या परिच्छेदात “खूप मजा आली” तीनदा आलंय. एका ठिकाणी नेमकं काय घडलं ते लिही.’ गुण दुरुस्तीनंतरच. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रुथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात गुण आणि शेरा एकत्र मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा फायदा झाला नव्हता.

अडतं ते इथे: पालकांना गुण त्याच दिवशी हवे असतात. शिवाय घरी ‘ढ’ ऐकत आलेल्या मुलाला सौम्य शेराही टोमणाच वाटतो. अशा मुलाशी आधी तोंडी बोलावं का? दुरुस्तीला तासातली किती मिनिटं देता? शेऱ्यांचे नमुने असतील तर टाका, शक्यतो भाषा शिकवणाऱ्यांनी.