घरी पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणारी सेवा): सांभाळणाऱ्याची झोप आणि कंबर

कोथरूडकर: कॅन्सरची शेवटची पायरी, रुग्ण पूर्ण अंथरुणाला, वजन ६० किलो. सांभाळणारे दोघंच. ४ तासांनी मॉर्फिन, २ तासांनी कूस बदलायची, बेडसोर (अंथरुणाच्या जखमा) होऊ नयेत म्हणून. दोघांच्या कंबरा धरल्यात, झोप नाहीच. रात्र कशी वाटून घ्यावी? मध्ये चार दिवस रुग्णाला कुठे ठेवता येतं का?

रात्रपाळी: दोघं मिळून जागताय, तिथेच चुकतंय. १० ते ३ एक, ३ ते ८ दुसरा. पाळी नसलेल्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. तुकड्यातुकड्यांच्या झोपेपेक्षा सलग पाच तास बरे.

साधी, ४ तासांची मॉर्फिन गोळी असेल तर रात्री १०चा डोस दुप्पट देऊन २चा वगळायची पद्धत आहे. डॉक्टरांना विचारा, त्यांनी लिहून दिलं तरच करा. किडनी कमजोर असेल तर तेही आधी सांगा. १२ तासांच्या गोळीला हे लागू नाही. आणि पोट साफ होण्याचं औषध रोज चालू आहे ना? ते राहिलं की खडा होतो, मग रात्रभर तळमळ आणि पाळ्यांचं गणित कोलमडतं.

कूसबदल: कंबर वजनापेक्षा वाकण्यामुळे जास्त जाते. फाऊलर कॉट (पाठ आणि पाय वर-खाली होणारी हॉस्पिटलची खाट) भाड्याने घ्या, पण उंची कमी-जास्त होणारी. गादी तुमच्या कमरेच्या उंचीला हवी. चादर दुहेरी घडी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत खाली घाला. दोघांनी दोन्ही कडा अंगालगत गुंडाळून धरायच्या, गुडघे वाकवायचे आणि सरकवायचं, उचलायचं नाही. काखेत हात घालून ओढणं तर नकोच: रुग्णाचा खांदा दुखावतो, तुमचा मणकाही.

दोघांनी मिळून कूस बदलायची ती १०, ३ आणि ८ला, पाळी बदलताना. मध्ये १२-१२॥ आणि ५-५॥ला एकट्याने पाठीमागची उशी काढायची किंवा लावायची. ३० अंशांचा कल पुरतो. माकडहाडावरची लाली बोटाने दाबून बघा. दाबल्यावर फिकी होत नसेल तर हे वेळापत्रक सोडा, पुन्हा २ तासांवर या आणि नर्सला कळवा.

कोथरूडकर: एअर बेडवर जाड गोधडी घातली आहे, चालेल?

कूसबदल: काढा. गोधडीने एअर बेडचा उपयोगच जातो. एक पातळ चादर, बस.

वारज्याजवळ: पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७पासून, मोफत. घरचं माणूस सोबत राहतं, त्यामुळे पूर्ण सुट्टी नाही, पण औषधं आणि कूस नर्सकडे. कोणी मुंबईत असेल तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन, तेही मोफत. फाइल, बायॉप्सीचा रिपोर्ट, औषधांची यादी तयार ठेवून आधी फोन करा. अगदी हातघाईला येईपर्यंत थांबू नका, खाट त्याच दिवशी रिकामी असेलच असं नाही.