मदत हवी आहे: महापालिकेच्या मैदानाच्या बुकिंगबद्दल निवेदन द्यायचंय, काय लिहू?

वस्तीतल्या मुलींचा खो-खोचा गट आम्ही काही पालक मिळून चालवतो. संस्था नाही, प्रायोजक नाही, वर्गणी काढून महापालिकेच्या मैदानाचं भाडं भरतो. (शहराचं नाव मुद्दाम टाळलंय, अजून तिथेच खेळायचंय.)

भाड्याचं एक वेळ जमवू, पण वेळच मिळत नाही. संध्याकाळचे सगळे तास दोन-तीन क्रिकेट अकादम्या वर्षाच्या सुरुवातीलाच उचलतात. रजिस्टरमध्ये महिनाभराच्या रकान्यांवर एकच आडवी रेघ आणि 'राखीव'. परवा सात वाजता दिवे लखलखत होते, मैदानावर कुत्रंही नव्हतं आणि आमच्या मुली फाटकाबाहेर. वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, नाव त्यांचं आहे, मी कसं सोडू?" त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

दुसरं म्हणजे फॉर्मवर 'पूर्ण मैदान' एवढाच पर्याय. खो-खोला 27 बाय 16 मीटर पुरतात, एक कोपरा दिला तरी भागेल. पण भाडं अख्ख्या मैदानाचं, आणि आम्ही रोवलेले खांब दुसऱ्या दिवशी कोणीतरी उपटून ठेवलेले.

आता बुकिंग ऑनलाइन होणार म्हणतात. मला तर धास्तीच आहे. रात्री बाराला बुकिंग उघडणार आणि जो फोन घेऊन टपून बसेल त्याचं मैदान. आमच्यातल्या निम्म्या आया पहाटे पाचला कामाला निघतात.

क्रीडा विभागातले साहेब म्हणाले, लेखी द्या. तर मी हे मागणार आहे: मैदानाचे भाग पाडून बुकिंग, न सांगता दांडी मारली तर अनामत कापणे, तीनदा झालं की ती वेळ काढून घेणे, आणि काही संध्याकाळी बिननोंदणीच्या गटांसाठी चिठ्ठ्या टाकून.

तुमच्याकडे असं काही चालू आहे का? अनामत किती ठेवली तर टोचते, पण आमच्यासारख्यांना परवडते? आणि संस्था नोंदवावीच लागेल का?

जुना खेळाडू: नोंदणीची घाई नको. सात जणींवर संस्था होते, पण मग दरवर्षी हिशेब तपासून देण्याचं लचांड मागे लागतं. आधी माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो दीडशे शब्दांच्या आत ठेवा. गेल्या वर्षी मैदान कोणाला, किती तास, किती भाड्याने दिलं एवढंच विचारा. 'दिवे रिकाम्या मैदानावर जळतात' हे तोंडी सांगण्यापेक्षा त्या महिन्याचं वीजबिल जोडलेलं निवेदन जड पडतं.

रविवारची टीम: अनामतीपेक्षा पंधरा मिनिटांचा नियम मागा. तेवढ्यात कोणी आलं नाही तर हजर गटाला तिथेच पावती. मात्र पावतीपुस्तक वॉचमनकडे हवं, ऑफिसात कुलपात नको.

धागाकर्ती: पावतीपुस्तकाचं डोक्यातच आलं नव्हतं, टाकते. वीजबिल क्रीडा विभाग देईल की विद्युत विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागेल?