बेशरम नको, निर्गुडी लावा

ओढ्याकाठी मधमाश्यांसाठी काय लावावं, शेळ्या काहीच ठेवत नाहीत, असं ताईंनी विचारलंय. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना एकांनी बेशरम ही झुडपी वनस्पती सुचवली आहे. कृपा करून ती नको. मूळची दक्षिण अमेरिकेची, शेळ्यांना विषारी आणि एकदा पसरली की ओढाच गिळते.

निर्गुडी लावा. आपली, ओलाव्यात वाढणारी. तिच्या उग्र वासामुळे जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. पावसाळा सुरू झाला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर काड्या तोडून दोन डोळे (कोंब फुटतात त्या जागा) मातीत जातील अशा खोचायच्या. आमच्या काठावरच्या बहुतेक लागल्या. पूर आला तर झुडूप वाकतं, पण मुळं माती धरून ठेवतात.

फुलं बारीक, निळसर जांभळी. काळा भुंगा बसला की अख्खा तुरा खाली झुकतो, आणि तो उडाला की परत वर येतो. सकाळी दहाच्या सुमारास सातेरी, म्हणजे आपल्या देशी मधमाश्यांची नुसती गुणगुण असते. आतल्या दाटीत बुलबुल शिरतात.

फक्त बहरात छाटू नका, आणि शेजारच्या शेतात फवारणी असेल तर ती संध्याकाळी उशिरा करायला सांगा. शेजाऱ्यांशी बोलणं जमेल ना, ताई?